पैसे आधी घेता, मग रांग का दाखवत नाही?

पुणेरी_ग्राहक: नव्या फोनची विक्री सुरू झाली तेव्हा मी पुण्यातून आणि माझ्या मावसभावाने नागपुरातून एकाच साइटवर तोच फोन मागवला. दोघांचेही पैसे लगेच कापले गेले. भाऊ फोन वापरायलाही लागला आणि माझ्या ऑर्डरपुढे अजून ‘लवकरच पाठवू’. उशीर मी समजू शकतो. पण पैसे घेतल्यावर माझा नंबर कितवा, हे लपवणं अन्याय आहे. आधी पैसे भरेल त्याला आधी माल, हा नियम ऑनलाइन दुकानांना का नसावा?

गोदामवाला: असहमत. भिवंडीच्या गोदामात मी डिस्पॅच सांभाळलाय. ‘तोच फोन’ अशी वस्तू तिथे नसतेच. निळा १२८ जीबी वेगळा, काळा २५६ जीबी वेगळा, प्रत्येकाचा साठा स्वतंत्र. काळ्याला गिऱ्हाईक जास्त निघालं की त्याची रांग लांबते आणि निळे पडून राहतात. त्यात गोदामंही अनेक. भावाच्या पिनकोडला माल देणाऱ्या गोदामात फोन शिल्लक असतील, तुमच्याकडचे संपले असतील. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. परदेशी गुंतवणूक असलेल्या मार्केटप्लेसला, म्हणजे इतरांचा माल विकायला जागा देणाऱ्या साइटला, आपल्या कायद्यानुसार स्वतःचा माल विकता येत नाही, तिथे विक्रेते वेगळे असतात. साइट एक असली तरी तुमचा विक्रेता आणि भावाचा विक्रेता एकच आहे का? दोघांची बिलं बघा.

अनघा_गेमर: कारणं पटली, पण त्यावरून रांग दाखवता येत नाही असं कुठे सिद्ध होतं? वाल्व कंपनीने स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या गेमिंग यंत्राची नोंदणी १६ जुलै २०२१ ला उघडली, तीही फक्त ५ डॉलर घेऊन. प्रदेश आणि मॉडेलनुसार रांगा वेगळ्या, आणि प्रत्येकाला अंदाजे कोणत्या तिमाहीत नंबर लागेल ते दिसायचं. नंबर आला की ईमेल, मग ७२ तासांत उरलेले पैसे भरा, नाहीतर पुढच्याला संधी. लोकांचे सगळे पैसे अडकले नाहीत, मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

गोदामवाला: त्याच कंपनीने डिसेंबर २०२१ सांगून सुट्या भागांच्या टंचाईमुळे फेब्रुवारी २०२२ केला ना? अख्खी रांग दोन महिने मागे गेली. तारीख दाखवली की लोक ती वचन म्हणून धरतात आणि शिव्या कस्टमर केअरच्या पोरापोरींना खाव्या लागतात.

अनघा_गेमर: तारीख हलली, क्रम हलला नाही. शिवाय थांबायचं नसेल त्याला नोंदणी रद्द करून पैसे परत घेता येत होते. एवढी वागणूक मिळाली तर मी आनंदाने थांबेन.

सर्किट_सांगली: मला तर मूळ दुखणं वेगळंच वाटतं. रास्पबेरी पाय हा एकाच बोर्डावरचा छोटा, स्वस्त कॉम्प्युटर आठवा. २९ फेब्रुवारी २०१२ ला फार्नेल आणि आरएस या दोन वितरकांकडे विक्री सुरू झाली, पहिली खेप १०,००० बोर्डांची. गर्दीने दोन्ही साइट कोसळल्या. मग कळलं की कारखान्यात इथरनेटचे (नेटवर्कची वायर लावायचे) जॅकच चुकीचे बसलेत, ते बदलावे लागले. नंतर वितरकांनी सीई चाचणी (युरोपात विक्रीसाठी लागणारी) झाल्याशिवाय माल पाठवायला नकार दिला. एप्रिल उजाडला. दोन वितरकांच्या रांगा वेगळ्या, त्यामुळे कुठे नाव लावलं यावर नशीब. माल तपासून हातात येण्याआधी विक्रीच उघडू नये, अशी मागणी करा. रांग दाखवून काय होणार?

गोदामवाला: आणि आधी नोंदणी घेतली नाही तर किती बनवायचे हे कारखान्याला कसं कळणार?

सर्किट_सांगली: नोंदणी घ्या की, पूर्ण पैसे घेऊ नका.

कार्गो_काका: थोडं अवांतर. फोनबरोबर मागवलेली पॉवर बँक मागाहून आली, अशीही तक्रार असते. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत, आणि पॉवर बँक त्यातच मोडते. ती ट्रकने येते. इथे दुकानदाराचा दोष नाही.

पुणेरी_ग्राहक: बिलं पाहिली. विक्रेते खरंच वेगळे निघाले. मग माझी मागणी बदलतो: पैसे कापण्याआधी ‘माल गोदामात आहे’ की ‘यायचा आहे’, हे विक्रेत्याच्या नावाशेजारी ठळक लिहा. यायचा असेल तर पूर्ण रक्कम घेऊ नका.

गोदामवाला: पहिल्या अर्ध्या मागणीला माझा पाठिंबा, साठ्याचा आकडा सिस्टिममध्ये असतोच. रक्कम मात्र पूर्णच घ्यावी लागेल. नाहीतर एकेक जण चार साइटवर नाव लावून तीन ठिकाणी रद्द करतो, आणि त्या रद्द ऑर्डरींसाठी अडकवलेले फोन तुमच्यासारख्यालाच उशिरा मिळतात.