माळ्यावरचं परक्याचं पातेलं आणि कोळीवाड्यातले शेजारी: तुमचेही अनुभव लिहा

खाडीकाठची
ओटा नवा करायचाय म्हणून काल माळा रिकामा केला. सगळ्यात मागे, पार ठिसूळ झालेल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक स्टीलचं पातेलं निघालं. काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेलं: का. ल. भ., ८६. आमच्याकडे का नाही, ल नाही, भ तर नाहीच नाही.

आईला फोन केला. ती ताबडतोब म्हणाली, "अगं, वेसाव्याच्या काकूंचं ते. नारळी पौर्णिमेला नारळीभात भरून आलं होतं. रिकामं कसं परत करायचं म्हणून ठेवलं, आणि मग आपण खोलीच सोडली."

म्हणजे रिकामं द्यायचं नाही या एका नियमापायी तीसेक वर्षं पातेलं आमच्याकडेच राहिलं.

आम्ही कोळी नाही. बाबांची नोकरी अंधेरीला, भाडं परवडलं म्हणून वेसाव्यात, म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, बाजार गल्लीत मागच्या अंगाची एक खोली. काकूंची हाक मागच्या दाराने यायची: "म्हावरा आयलाय, पातेली दे!" पाठोपाठ बातम्या. कोणाची बोट आली, कोणाची अजून नाही, कोणाकडे मुलगी बघायला येणार, हिंगळादेवीच्या देवळात काय ठरलं. हे सगळं पातेल्यात मांदेली ओतता ओतता. आम्ही वर्तमानपत्र घ्यायचो ते बाबांसाठी, गल्लीला त्याची गरज नव्हती.

तुमच्याकडे कसं होतं? आणि हो, आता हे परत करायचंय. काय भरून नेऊ?

दांड्याचा
पीपी नंबर, म्हणजे निरोपासाठी दिलेला शेजाऱ्याचा फोन नंबर, कोणाला आठवतोय का इथे? आमच्या अख्ख्या आळीत फोन एकच, एका नाखव्याकडे, म्हणजे बोटवाल्याकडे. लग्नाच्या पत्रिकेवर सुद्धा तोच नंबर छापलेला. फोन आला की त्यांची धाकटी पोरगी धावत यायची आणि दारातूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायची, "तुमच्या मामाच्या पोराला नोकरी लागलीऽऽ". आम्ही फोनपर्यंत पोचायच्या आत समोरची मावशी पेढे कधी म्हणून विचारायची.

शमा७
नारळीभातच भरून ने. हिशोब पूर्ण.

घारापुरी_एक्सप्रेस
नारळीभात नको, त्यांच्याकडे तोच असणार. पुरणपोळ्या ने.

तिथीतज्ज्ञ
विषय थोडा बाजूचा आहे, पण कोळीवाड्यातल्या हळदी कधी धरायचे ते बघा. डोलजाळं, म्हणजे समुद्रात एका जागी बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं, भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाण्याला जोर, सगळे पुरुष समुद्रात. अष्टमीच्या आगेमागे भांग, पाणी ढिलं, जाळ्यात फार काही येत नाही. मग माणसं किनाऱ्यावर सापडतात आणि कार्यं उरकतात. आमचे आजोबा पत्रिकेवरची तारीख वाचायचेच नाहीत, तिथी विचारायचे.

भरतीची वेळ काढायची त्यांची रीत: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. पुनवेला सव्वाअकरा येतात, मुंबईत प्रत्यक्षात बाराच्या जवळपास. मोबाईलवर ताडून पाहिलंय, अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतं.

दांड्याचा
@तिथीतज्ज्ञ आमच्या भावाची हळद उधाणात धरलेली. नवरदेवाचे निम्मे मित्र समुद्रात होते. रात्री दोनला आले, अंगाला वास घेऊन तसेच नाचले. 😂

मनोरीकर_फ्रान्सिस
आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे ख्रिश्चन. आमच्याकडे मे महिन्यात मसाला कुटायच्या बाया यायच्या. अंगणभर मिरच्या, धणे, हळकुंडं वाळत घातलेली. कुटून झालं की बिअरच्या तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून ठासून भरायचं. पहिली बाटली घराची, दुसरी शेजारच्या हिंदू कोळ्यांची. रिकामी बाटली ते धुऊन पुढच्या वर्षी परत द्यायचे. एकदा आली ती खोबरेल भरून. मम्मीने मसाला समजून माळ्यावर ठेवली, नाताळात डुकराच्या मटणात उपडी केली. पुढचं विचारू नका.

नाताळला आमच्याकडून करंज्या जायच्या, दिवाळीला त्यांच्याकडून यायच्या. सारण थोडं वेगळं, बाकी करंजी ती करंजीच. लग्नात उंबराचं पाणी त्यांच्यातही, आमच्यातही. माझ्या बहिणीच्या लग्नात उंबराच्या पाण्याला वाजंत्री निघाली तर शेजारच्या आजी सगळ्यात पुढे. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

अनु_वरळी
कुकर लावलाय, घाईत लिहितेय. आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी!! मेमध्ये आई आणि दोन शेजारणी मिळून सुकं भरायच्या. बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या. १ जून ते ३१ जुलै बंदी, ६१ दिवस, त्यात घरात पैसा नाही. ज्यांच्या बोटी त्यांनाच जास्त ओढ. तेव्हा दुकानदारापेक्षा शेजारी कामाला यायचे. तांदूळ एकीकडून, सुकं दुसरीकडून, साखर उसनी, वाटी सपाट करून द्यायची आणि सपाट करूनच घ्यायची. आईचं बोट वाटीवरून फिरायचं ते अजून दिसतं मला. शिट्टी झाली जाते

सदाशिव_पण_दादरचा
आम्ही शाकाहारी. माहीम कोळीवाड्यातल्या एक मावशी आमच्याकडे वर्षानुवर्षं यायच्या, आईची मैत्रीण. एकदा दोन पुडक्यांची अदलाबदल झाली. आमच्याकडे सुकट, कुठल्या तरी गिऱ्हाइकाकडे आईने मावशींना दिलेलं थालीपिठाचं भाजणीचं पीठ. आईने पुडकं उघडलं, मिटलं, बाल्कनीत ठेवलं, वर परात उपडी घातली आणि वर देवाचं नाव घेतलं. मावशी संध्याकाळी धावत आल्या. तोवर आमच्या खिडकीखाली अख्ख्या दादरची मांजरं.

खाडीकाठची
@सदाशिव 🤣🤣 भाजणीचं काय झालं?

सदाशिव_पण_दादरचा
गिऱ्हाइकाने दुसऱ्या दिवशी अजून मागितली म्हणे.

मीरा_गो
सुकटीवरून आठवलं. आमच्या सोसायटीत बोंबील भाजला की ग्रुपवर मेसेज, "कृपया खिडक्या बंद ठेवाव्यात". मी खिडक्या उघडून भाजते आता.

अनु_वरळी
@मीरा मी येऊ का जेवायला

मीरा_गो
ये की. तांदळाची भाकरी येते का तुला करायला? माझ्या फाटतात.

अनु_वरळी
उकड काढ आधी. पाण्यात मीठ घाल, पीठ टाकून झाकण ठेव, गरम असतानाच मळ. सविस्तर विपूत (विचारपुशीत) लिहिते.

बावटा
बातम्यांचं म्हणाल तर आमच्याकडे रेडिओ. मच्छिमारांना इशारा सुरू झाला की गल्लीतला सगळा आवाज बंद. तीन नंबरचा बावटा लागला हे वाक्य मी बाराखडीच्या आधी शिकलो असेन. ज्यांची बोट बाहेर त्यांच्या घरी बायका जाऊन बसायच्या. बोलायच्या नाहीत फार. कोणीतरी लसूण सोलायला घ्यायचं, म्हणजे हात कामात राहतात. माझ्या वडिलांची बोट एकदा दोन दिवस उशिरा आली. त्या दोन दिवसांत आमच्या घरी एवढा लसूण सोलला गेला की आई पुढे पंधरवडाभर तो संपवत होती.

आता सगळं मोबाईलवर. तौक्ते आलं तेव्हा, मे २०२१, ग्रुपवर मिनिटाला मेसेज. निम्मे जुन्या वादळांचे व्हिडिओ. खरी बातमी कुठली ते विचारायला शेवटी चालत धक्क्यावरच गेलो.

शमा७
@बावटा लसणाचं वाचून गलबलले.

घारापुरी_एक्सप्रेस
२६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर. मी तेव्हा कॉलेजात, कमरेएवढ्या पाण्यातून चालत खारदांड्यापर्यंत आलो, पुढे पाय उचलेना. एका अनोळखी घरी रात्र काढली. लुंगी, पेज आणि भाजलेला सुका बांगडा. सकाळी निघताना त्या बाईंनी डबा दिला. तो डबा... हे लिहिताना लक्षात आलं की तो अजून आमच्याकडेच आहे.

खाडीकाठची
@घारापुरी नाव कोरलंय का बघ!!

घारापुरी_एक्सप्रेस
नाही ना. तळाला फक्त लाल ऑइलपेंटचा ठिपका. घर दाखवता येईल मला बहुतेक, पण गल्लीची ओळख पटेल का शंका आहे.

दांड्याचा
लाल ठिपका म्हणजे कार्याच्या भांड्यातला. हळदीला शंभर घरची भांडी एकत्र येतात, तेव्हा घराघराची खूण ठरलेली. आमचा हिरवा. लाल कोणाचा ते आईला विचारून सांगतो.

सौ_निरागस
कोणाला चांगला भांड्यांवर नाव घालणारा माहीत आहे का? पूर्वी दारावर यायचे. आता मुलीच्या भांड्यांवर घालायचंय.

मनोरीकर_फ्रान्सिस
@सौ_निरागस मोठ्या भांड्यांच्या दुकानांत मशीनने घालून देतात. पण टिंबाटिंबांचं अक्षर नाही ते.

खाडीकाठची
जाऊन आले! रविवारी. गल्ली ओळखूच येईना, चार-चार मजले चढलेत. ओट्यावर निवटे साफ करत बसलेल्या एका बाईंना पातेलं दाखवलं. त्यांनी हात पुसले, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि आत हाक मारली. आतून काकूंची सून आली. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. मला माहीत नव्हतं.

शेवटी पुरणपोळ्या नेल्या होत्या. सुनेने त्या ताटात काढल्या, पातेलं उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "आनि झाकन?"

मी नुसतीच बघत राहिले. ती हसायला लागली, मग मीही. पातेलं धुतलं तिने, ओले बोंबील भरले आणि परत माझ्याच हातात दिलं.

शमा७
म्हणजे पातेलं पुन्हा तुझ्याकडेच??

खाडीकाठची
हो ना. आणि आई आता झाकण शोधतेय.

दांड्याचा
@घारापुरी आई म्हणते लाल ठिपका मारुतीच्या देवळामागच्या घरांचा. बुधवार सोडून ये. बुधवारी सगळे मार्केटला असतात.