पोस्टफिक्स : एलियस फाइलमध्ये नवी नोंद घालूनही मेल जुन्याच व्यक्तीकडे जातो

सर्व्हरखोली यांचा प्रश्न

नमस्कार. एका महाविद्यालयाचा मेल सर्व्हर माझ्याकडे आहे. पोस्टफिक्स या मेल पोहोचवणाऱ्या प्रणालीवर एकच डोमेन चालते आणि सुमारे चारशे एलियस, म्हणजे मेल दुसऱ्या पत्त्याकडे वळवणारी नावे, आहेत : प्राचार्य, परीक्षा, ग्रंथालय, वसतिगृह, प्रत्येक विभागाचे प्रमुख, निरनिराळ्या समित्या, शिवाय निवृत्त प्राध्यापकांचा मेल त्यांच्या खासगी पत्त्यांवर पुढे पाठवणाऱ्या काही नोंदी. यांतल्या काही /ईटीसी/एलियसेस या फाइलमध्ये आहेत, तर काही /ईटीसी/पोस्टफिक्स/व्हर्च्युअल या फाइलमध्ये. कोणती नोंद कोठे ठेवायची याचा नियम कोणी घालून दिलेला दिसत नाही. ज्याला जी फाइल ठाऊक होती, त्याने तीत भर घातली.

अलीकडे आम्ही रेड हॅट १० च्या कुळातल्या लिनक्स वितरणावर आलो. जुनी मेन.सीएफ ही पोस्टफिक्सची मांडणी-फाइल उचलून आणल्यावर लॉगमध्ये ‘अनसपोर्टेड डिक्शनरी टाइप : हॅश’ अशी तक्रार येऊ लागली, म्हणून सगळीकडे ‘हॅश’ या तक्ते साठवण्याच्या प्रकाराच्या जागी ‘एलएमडीबी’ हा प्रकार केला आणि मेल सुरू झाला. अडचण पुढची आहे. परीक्षा विभागाचे प्रमुख बदलले, तेव्हा एलियसेस फाइलच्या तळाशी नवी नोंद घालून न्यूएलियसेस ही आज्ञा चालवली, तरीही मेल आधीच्या प्रमुखांकडेच जात आहे. ग्रंथालयाचा पत्ता तर ‘५५० ५.१.१’ (असा प्राप्तकर्ता नाही) या क्रमांकासह मेल परत पाठवतो, जरी त्याची नोंद फाइलमध्ये डोळ्यांना स्पष्ट दिसते.

हे निस्तरावे कसे, हा पहिला प्रश्न. दुसरा असा की, हा सगळा पसारा मारियाडीबी या डेटाबेसमध्ये हलवावा, असे आमच्या कार्यालयातल्या काहींचे मत आहे. तसे केल्याने हा गोंधळ खरोखरच मिटेल काय?

टपालहंशील यांचे उत्तर

आपल्याकडे दोन स्वतंत्र तक्ते आहेत, आणि ते वाचणारे पोस्टफिक्सचे भागही स्वतंत्र आहेत. व्हर्च्युअल फाइल वाचण्याचे काम क्लीनअप हा भाग करतो. मेल रांगेत शिरतानाच प्रत्येक प्राप्तकर्त्याचा पत्ता या तक्त्यात शोधला जातो, मग तो स्थानिक असो वा बाहेरचा. एलियसेस फाइल मात्र लोकल हा वाटप करणारा भाग अगदी शेवटी वाचतो, आणि तोही फक्त स्थानिक पत्त्यांसाठी. त्यामुळे परीक्षा विभागाची एखादी जुनी नोंद व्हर्च्युअलमध्ये राहिली असेल, तर पत्ता तेथेच बदलतो आणि एलियसेसमधल्या आपल्या नव्या नोंदीपर्यंत गोष्ट पोहोचतच नाही. न्यूएलियसेस ही आज्ञा व्हर्च्युअलला हातही लावत नाही, मेन.सीएफमधल्या एलियस_डेटाबेस या ओळीत ज्या फाइली लिहिल्या आहेत, तेवढ्याच ती नव्याने बांधते. व्हर्च्युअलसाठी पोस्टमॅप ही आज्ञा वेगळी चालवावी लागते. उलट पोस्टमॅप चुकून एलियसेस फाइलवर चालवली, तर ती अपूर्णविराम धरूनच नाव साठवते आणि ‘ही एलियस फाइल आहे काय’ अशा आशयाचा इशारा देते. असा इशारा कोठे दिसला, तर तो गांभीर्याने घ्यावा.

मात्र आपल्या बाबतीत माझा पहिला संशय याहून साध्या गोष्टीवर आहे. आपण नोंद तळाशी घातलीत, असे लिहिले आहे. मग जुनी नोंद वर तशीच राहिली आहे काय? एकाच नावाच्या दोन नोंदी आढळल्या, तर पोस्टफिक्स पहिली ठेवते, दुसरी सोडून देते आणि ‘डुप्लिकेट एंट्री’ असा इशारा छापून पुढे जाते. आज्ञा अपयशी ठरत नाही. क्रॉन या ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या साधनातून किंवा एखाद्या स्क्रिप्टमधून ती चालत असेल, तर तो इशारा कोणाच्या नजरेस पडत नाही.

ग्रंथालयाच्या बाबतीत ती ओळ कोठून सुरू होते ते पाहावे. दोन्ही फाइलींत मोकळ्या जागेने सुरू होणारी ओळ ही स्वतंत्र नोंद नसून आधीच्या ओळीचा पुढचा भाग मानली जाते. म्हणजे फाइलमध्ये असे असेल :

परीक्षा: लिपिक१, लिपिक२
  ग्रंथालय: ग्रंथपाल

तर ‘ग्रंथालय’ नावाचा एलियस अस्तित्वातच येत नाही, आणि परीक्षा विभागाच्या नोंदीच्या शेपटीला भलताच मजकूर चिकटतो. डोळ्यांना मात्र ते सुबक मांडलेले दिसते. ओळीच्या शेवटी # लावून टीप लिहिण्याची सवयही अशीच घातक आहे. टीप स्वतंत्र ओळीवरच हवी, नाहीतर तिच्यातले शब्द पत्ते म्हणून वाचले जातात.

फाइल वाचून अंदाज बांधण्यापेक्षा बांधलेल्या डेटाबेसलाच विचारावे. ‘पोस्टएलियस -क्यू परीक्षा एलएमडीबी:/ईटीसी/एलियसेस’ आणि पूर्ण पत्ता देऊन ‘पोस्टमॅप -क्यू’ व्हर्च्युअलवर, असे दोन्हीकडे विचारले की कोण काय उत्तर देते ते लगेच कळते. सगळी साखळी पाहायची असेल, तर ‘सेंडमेल -बीव्ही’ या आज्ञेला पत्ता द्यावा; ती मेल न पाठवता, तो पत्ता शेवटी कोठे पोहोचतो याचा अहवाल आपल्या पेटीत टाकते.

‘हॅश’विषयी थोडक्यात. हा प्रकार बर्कली डीबी या डेटाबेस लायब्ररीवर उभा होता. ओरॅकलने २०१३ मध्ये तिचा परवाना बदलल्यापासून अनेक वितरणे ५.३ या जुन्या आवृत्तीवर थांबून राहिली आणि आता ती काढून टाकत आहेत. आपण केलेला बदल योग्यच आहे. जुन्या .डीबी फाइली मात्र जपून ठेवण्यात अर्थ नाही, त्या नव्या सर्व्हरला वाचता येत नाहीत. ‘पोस्टकॉन्फ -एम’ चालवल्यास आपल्या सर्व्हरवर कोणते प्रकार उपलब्ध आहेत त्याची यादी मिळते.

रात्रपाळी यांचे उत्तर

मारियाडीबीच्या मुद्द्यावर माझे मत प्रतिकूल आहे, निदान चारशे नोंदींसाठी.

फाइलवर आधारित तक्ता बिघडला, तरी तो सर्व्हरच्या पोटातच असतो. डेटाबेस सर्व्हर बंद पडला, की पोस्टफिक्सला कोणताच पत्ता खरा की खोटा हे ठरवता येत नाही, आणि ती प्रत्येक येणाऱ्या मेलला ‘४५१ ४.३.०’ हे तात्पुरत्या अपयशाचे उत्तर देते. मेल हरवत नाही, कारण पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो. पण प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयाचा मेल काही तास अडकला, तर दूरध्वनी कोणाचे वाजतात ते आपण जाणताच. शिवाय पोस्टफिक्सची अनेक प्रोसेस एकाच वेळी डेटाबेसशी जोडणी मागतात, म्हणून मेन.सीएफमध्ये तक्त्याच्या नावाआधी ‘प्रॉक्सी:’ लावून त्या जोडण्या प्रॉक्सीमॅप या पोस्टफिक्सच्याच भागातून एकत्र न्याव्या लागतात.

डेटाबेस खरोखर उपयोगी पडतो तो जेव्हा नोंदी बदलणारे अनेक जण असतात आणि त्यांना सर्व्हरवर प्रवेश द्यायचा नसतो. पोस्टफिक्सअ‍ॅडमिनसारखे साधन वेबवर एक पान देते आणि एलियस नावाच्या तक्त्यात नोंदी ठेवते, त्यांत नोंद चालू की बंद हे सांगणारा रकानाही असतो. आपल्याकडे बदल करणारे एक-दोघेच असतील, तर त्यासाठी एवढे ओझे अंगावर घेऊ नये. आणि खरे तर आपला मूळ गोंधळ साठवणीच्या प्रकाराचा नाहीच. कोणती नोंद कोणाच्या सांगण्यावरून आली आणि ती कधी काढायची, हे कोठेच लिहिलेले नाही. हे अज्ञान मारियाडीबीतही तितक्याच सुखाने नांदेल.

माझा सल्ला असा : सर्व एलियस व्हर्च्युअल फाइलमध्ये आणावेत आणि एलियसेसमध्ये पोस्टमास्टर, रूट यांसारख्या यंत्रणेच्या नोंदी, तसेच ज्यांना आज्ञा चालवायची आहे किंवा फाइलमध्ये लिहायचे आहे अशाच नोंदी ठेवाव्यात, कारण व्हर्च्युअलला ते करता येत नाही. दोन्ही मूळ फाइली गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवाव्यात. प्रत्येक नोंदीच्या वरच्या ओळीवर तिचा मालक विभाग आणि पुनर्विचाराचा महिना लिहावा. निवृत्तांच्या नोंदींकडे तर दर जूनमध्ये पाहिलेच पाहिजे. पदाच्या पत्त्यावर येणारी परीक्षेची कागदपत्रे निवृत्त व्यक्तीच्या खासगी पेटीत जात राहणे ही केवळ गैरसोय नव्हे.

बांधणी हाताने न करता मेकफाइलमधून, म्हणजे बांधणीच्या आज्ञा लिहिलेल्या फाइलीतून, करावी, आणि एक जरी इशारा आला तरी ती थांबावी, अशी अट घालावी. कोणी अजून ‘हॅश’ वापरत असेल, तर त्याने चालू फाइलवर थेट पोस्टमॅप चालवू नये. ती जुनी फाइल पुसून त्याच जागी लिहिते, आणि मध्येच डिस्क भरली तर अर्धवट तक्ता हाती राहतो. ‘व्हर्च्युअल.इन’ अशा दुसऱ्या नावाने बांधून, यशस्वी झाल्यावरच नाव बदलून ती जागेवर आणावी. बांधलेला तक्ता बदलला की पोस्टफिक्सला रीलोड करण्याची, म्हणजे मांडणी पुन्हा वाचायला लावण्याची, गरज नसते. पत्ते नमुन्याने जुळवणारे तक्ते, म्हणजे रेगएक्स्प किंवा पीसीआरई, साध्या मजकुराच्या फाइलीतून वाचले जातात, तेथे मी रीलोड करतोच.

सर्व्हरखोली

दोघांचेही मनःपूर्वक आभार. परीक्षा विभागाची जुनी नोंद एलियसेसमध्ये वर होतीच, शिवाय व्हर्च्युअलमध्येही एक होती. ग्रंथालयाच्या ओळीआधी दोन मोकळ्या जागा निघाल्या. दोन्ही पत्ते आता नीट चालतात, आणि मारियाडीबीचा विषय आम्ही तूर्त बाजूला ठेवला आहे.

याच अनुषंगाने आणखी दोन गोष्टी विचारतो. निवृत्तांच्या जीमेल पत्त्यांवर पुढे जाणारे काही मेल तिकडून नाकारले जातात, इतर मात्र पोहोचतात. आणि ‘सर्वकर्मचारी’ या एलियसवर बाहेरच्या जाहिराती येतात. तो केवळ आतल्या लोकांपुरता कसा ठेवावा?

टपालहंशील

पहिल्याचे कारण बहुधा एसपीएफ, म्हणजे डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरवरून निघू शकतो हे सांगणारी जाहीर नोंद. एलियसमधून मेल पुढे जाताना लिफाफ्यावरचा प्रेषक (सर्व्हर एकमेकांना सांगतात तो पत्ता) मूळचाच राहतो, पण तो मेल आता आपल्या सर्व्हरच्या आयपी पत्त्यावरून निघतो, आणि मूळ डोमेनच्या एसपीएफ नोंदीत आपला सर्व्हर नसतो. मूळ प्रेषकाची डीकेआयएम ही मेलवरची डिजिटल सही शाबूत असेल तर मेल तरून जातो, नसेल तर अडतो. म्हणूनच काही पोहोचतात आणि काही नाही. पोस्टएसआरएसडी बसवले, तर लिफाफ्यावरचा प्रेषक आपल्या डोमेनचा करून दिला जातो. एलियसेस फाइलमध्ये ‘ओनर-’ या उपसर्गाची जोडनोंद ठेवली तरीही लिफाफ्यावरचा प्रेषक बदलतो आणि परत आलेले मेल त्या मालकाकडे जातात, पण ही सोय व्हर्च्युअलमध्ये नाही. ज्यांना शक्य आहे अशा निवृत्तांना आपल्याच सर्व्हरवर पेटी देऊन ती आयमॅपने, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून, वाचायला सांगणे, हा मला सर्वांत स्वच्छ मार्ग वाटतो.

रात्रपाळी

‘सर्वकर्मचारी’साठी निर्बंधांचा एक स्वतंत्र वर्ग तयार करावा. मेन.सीएफमध्ये एसएमटीपीडी_रिस्ट्रिक्शन_क्लासेस या ओळीत त्याला नाव द्यावे, समजा ‘फक्तआतले’, आणि त्याच्या व्याख्येत स्थानिक नेटवर्क व लॉगइन केलेले वापरकर्ते यांना मुभा देऊन शेवटी ‘रिजेक्ट’ लिहावे. मग प्राप्तकर्त्यांच्या एका छोट्या तक्त्यात सर्वकर्मचारी या पूर्ण पत्त्यासमोर ‘फक्तआतले’ लिहून, तो तक्ता प्राप्तकर्त्यांच्या निर्बंधांच्या ओळीत अगदी सुरुवातीला जोडावा. प्रेषकाच्या पत्त्यावरून आतले-बाहेरचे ठरवू नये, कारण तो कोणालाही खोटा लिहिता येतो.

एक खाचखळगा येथे आहे. ही तपासणी एसएमटीपीच्या दारावरच, म्हणजे एलियस उलगडण्याच्या आधी होते. ‘सूचना’ किंवा ‘कार्यालय’ असा दुसरा एखादा एलियस आपल्याकडे ‘सर्वकर्मचारी’कडे बोट दाखवत असेल, तर त्या पत्त्यावर आलेला बाहेरचा मेल विनाअडथळा सर्वांना जाईल. म्हणून व्हर्च्युअल आणि एलियसेस या दोन्ही मूळ फाइलींत उजव्या बाजूला ‘सर्वकर्मचारी’ कोठे कोठे येते ते ग्रेप या शोध-आज्ञेने शोधावे आणि तसे प्रत्येक नाव त्याच छोट्या तक्त्यात घालावे.