हिप्निया या लाल समुद्री शेवाळाची दोन सॅम्पल्स, दोन तऱ्हेचं जेल. प्रजाती एक की दोन?

नमस्कार मंडळी, एमएस्सी बॉटनीचं डिझर्टेशन चालू आहे आणि मी अडकलेय.

रत्नागिरीजवळच्या खडकांवरून ओहोटीला हिप्निया आणलं, एकदा डिसेंबरात, एकदा फेब्रुवारीत. दोन्ही म्युसिफॉर्मिस याच प्रजातीची वाटतात. फांद्यांची टोकं आकड्यासारखी वळलेली. दोन्हींना सारखीच अल्कली ट्रीटमेंट दिली, कॅरागीनन (शेवाळातला चिकट पदार्थ) काढलं, जेल धरायला पोटॅशियम क्लोराईड घातलं. डिसेंबरचं चायनाग्रासच्या वडीसारखं घट्ट बसलं, सुरी लावताच तडकलं. फेब्रुवारीचं थुलथुलीत, बोटाने दाबलं की परत वर येतं.

एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड किरणांची चाचणी) कप्पा कॅरागीननचे ९३० आणि ८४५ चे बँड दोन्हींत आहेत, पण फेब्रुवारीच्यात ८०५ लाही शोल्डर दिसतो. म्हणजे घट्ट जेल देणाऱ्या कप्पात मऊ जेल देणारं आयोटा कॅरागीनन मिसळलेलं आहे.

गाईड म्हणतात, केमिस्ट्री वेगळी तर प्रजाती वेगळी, दोन लिहून मोकळी हो. दाखला शेवाळतज्ज्ञ डोटींचा: १९८८ साली त्यांनी युकेमा या शेवाळांच्या वंशामधून कप्पाफायकस हा वंश वेगळा काढला, तेव्हा कॅरागीनन कुठलं हा मोठा मुद्दा होता, नावातच कप्पा आहे. मान्य. पण मग कॉन्ड्रस क्रिस्पस या दुसऱ्या लाल शेवाळाचं काय? त्याच्या जीवनचक्रात दोन पिढ्या असतात: गॅमेटोफाइटमध्ये कप्पा, आणि टेट्रास्पोरोफाइटमध्ये लॅम्डा कॅरागीनन, जे जेल धरतच नाही. तरी प्रजाती एकच! हिप्नियात मात्र दोन्ही पिढ्या कप्पाच देतात, त्यामुळे फरक पिढीचा आहे म्हणायची पळवाटही बंद.

नुसत्या ८०५ वरून प्रजाती वेगळी म्हणता येईल का? डीएनए करायचं तर पैसे दोनच सॅम्पल्सचे आहेत.

प्रतिसाद:
नाही म्हणता येणार. विकतच्या कप्पातही थोडा आयोटा असतोच. पण तुमचं जेल इतकं मऊ पडलंय, तर मला शंका वेगळीच येते. हिप्नियाचे ते आकडे शेजारच्या शेवाळांत गुंततात. एक ओढलं की दुसरं सोबत येतं. वाळल्यावर सगळा गुंता एकाच रंगाचा. दळण्याआधी निवडलं होतंत का? भिंगाखाली निवडा, एकेका झाडाचा अर्क वेगळा काढा. तरीही ८०५ राहिला तर त्याच झाडाचा तुकडा सीओआयसाठी (प्रजाती ओळखायला वापरतात तो जीन) डीएनए चाचणीला पाठवा. उरलेला हर्बेरियम शीटवर दाबून ठेवा, नाहीतर कुठल्या झाडाचा डीएनए ते पुढे कोणालाच सांगता येणार नाही.

धागाकर्ती:
नव्हतं निवडलं. मूठभर काढून सरळ मिक्सरला लावलं होतं. फेब्रुवारीची अर्धी पिशवी शिल्लक आहे, आज तांदूळ निवडल्यासारखं घेऊन बसते.