बारावी लातूरला, घर तासगावला : इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म कसा भरायचा?

मामा_तासगावकर
भाचीला सीईटीला (पीसीएम) 92 पर्सेंटाइल. घर तासगाव तालुक्यात, पण अकरावी-बारावी लातूरला. ओबीसी, जातीचा दाखला आहे, व्हॅलिडिटीचा (जात पडताळणी प्रमाणपत्राचा) अर्ज अजून टाकलेला नाही. कॉम्प्युटरच पाहिजे म्हणते. सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय, नाहीतर इस्लामपूरचं खासगी कॉलेज. सगळे म्हणतात, सांगलीची पोरगी आहे, होम युनिव्हर्सिटीची जागा मिळेल. खरं का? आणि कॉलेजं कुठल्या क्रमानं टाकायची?

कृष्णाकाठ
होम युनिव्हर्सिटी घरावरून ठरत नाही, बारावी जिथून पास झाली त्या ठिकाणावरून ठरते. लातूर नांदेडच्या विद्यापीठात येतं, त्यामुळे शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत ती बाहेरचीच. खासगी कॉलेजांत राज्याच्या वाट्यातल्या 70 टक्के जागा होमच्या मुलांना, 30 टक्के बाकीच्यांना.

मागच्या वर्षीची कटऑफ यादी उघडा आणि जागेच्या प्रकाराच्या कोडचं शेवटचं अक्षर बघा: एच म्हणजे होम, ओ म्हणजे होमबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण, एल असेल तर मुलींची जागा. तिच्या कामाचे रकाने 'एलओबीसीओ' आणि 'जीओबीसीओ'; शिवाय ओपनचेही, कारण मेरिटवर तीही जागा मिळू शकते. लोक एचचा रकाना बघून खूश होतात आणि यादी लागली की डोक्याला हात लावतात. वालचंद आणि कराड शासकीयला एस चालतं, तिथे लातूर आड येत नाही. पण 92 वर वालचंदचं कॉम्प्युटर धरून चालू नका.

सेतूसमोर
क्रमाचं नंतर बघा, आधी व्हॅलिडिटी. अर्ज ऑनलाइन, मग कागद सांगलीच्या जात पडताळणी समितीकडे, कारण दाखला सांगली जिल्ह्याचा. कॉलेजचं पत्र मात्र लातूरहून आणावं लागेल, त्यात दिवस जातात.

मामा, तुमच्याकडचे कागद इथे चालत नाहीत. वडील, आजोबा, चुलते, आत्या यांचेच लागतात. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीची जातीची नोंद शोधा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा सगळ्यात चांगला. चुलत्यांपैकी कुणाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर ती जोडा, काम बरंच हलकं होतं. अर्ज अडकतो तो बहुधा नावामुळे: एका कागदावर 'बापू', दुसऱ्यावर 'बापूसाहेब'. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं शपथपत्र आणि वंशावळ सुरुवातीलाच लावा.

नॉन-क्रिमिलेअर (उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र) वेगळं. तहसीलदारांचा तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, सही प्रांतांची. नॉन-क्रिमिलेअरची मुदत 31 मार्चला संपते, जुनं असेल तर वर्ष तपासा. हे कागद वेळेत नसले तर मुलगी ओपनमध्ये मोजली जाते.

मामा_तासगावकर
आभारी. सुरक्षित म्हणून जे नक्की मिळेल तेच पहिल्या नंबरला टाकू का?

पसंती_क्रमांक
अजिबात नको. फॉर्म वरून खाली वाचला जातो. वरचं मिळालं नाही तरच खालचं बघतात, त्यामुळे अवघड कॉलेज वर टाकून काही बिघडत नाही. उलटं केलं तर बिघडतं. 2025-26 ला पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिले तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिले सहा मिळाले की जागा आपोआप गोठत होती. मग ती घ्या, नाहीतर कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या सहांत असं काही नको की मिळालं तर ती रडेल. पर्याय 300 पर्यंत टाकता येतात, खाली हमखास मिळणारी भरपूर ठेवा. यंदाची माहितीपुस्तिका एकदा वाचाच, नियम दरवर्षी थोडे हलतात.

आधी तिच्याकडून एक ठरवून घ्या: कॉलेज महत्त्वाचं की शाखा? वालचंदचं सिव्हिल आणि इस्लामपूरचं कॉम्प्युटर यांत वर काय, हे तिनं सांगायचं, मामानं नाही.

कृष्णाकाठ
फीचं राहिलं. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ओबीसी मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ, अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर. पण प्रवेश कॅपमधूनच हवा. कुणी मॅनेजमेंट कोट्यातून "लगेच कॉम्प्युटर देतो" म्हणालं तर ही माफी गेली, हे धरूनच हिशोब करा.