जपानमधील हिवाळी सहल : शाकाहारी आईची सोय रियोकानमध्ये होईल का?

प्रश्न :
जानेवारीच्या उत्तरार्धात आई-वडिलांना घेऊन दहा दिवसांसाठी जपानला जाण्याचा विचार आहे. बर्फाने झाकलेले शिराकावा-गो हे गाव पाहावे आणि तातामीच्या चटया अंथरलेल्या पारंपरिक निवासात, म्हणजे रियोकानमध्ये, निदान दोन रात्री राहावे, ही वडिलांची फार दिवसांची इच्छा आहे. मात्र आई मासेही खात नाही आणि रियोकानच्या भाड्यात बहुधा रात्रीचे जेवण धरलेले असते. तिची उपासमार न होता हे जमेल का?

प्रतिसाद १ :
जमेल, परंतु ‘मांस-मासे नकोत’ एवढे सांगून भागणार नाही. तिथल्या स्वयंपाकाचा पाया असलेला दाशी हा अर्क बहुतेक वेळा धुरावून वाळवलेल्या माशाच्या किसापासून काढतात, त्यामुळे केवळ भाजी किंवा तोफू (सोयाबीनचे पनीर) दिसणाऱ्या वाडग्यातही मासा उतरलेला असतो. कोंबू हे समुद्री शेवाळ आणि शिताके अळंबी यांचीच दाशी वापरता येईल का, हे आरक्षणाच्या वेळीच लेखी विचारून घ्यावे.

माझा आग्रह असा, की एक रात्र कोयासानला काढावी. कुकाई या भिक्षूला इ.स. 816 मध्ये मिळालेल्या या डोंगरावर अनेक मंदिरे यात्रेकरूंना मुक्कामाला ठेवतात आणि तिथल्या शोजिन-रियोरी या भोजनात मांस-मासे तर नसतातच, पण कांदा-लसूणही वर्ज्य असतो. तिळाचा मऊ गोमा-दोफू आणि गोठवून वाळवलेला कोया-दोफू वाढतात. आमच्या जपान सहलीत माझ्या सासूबाई तिथे प्रथमच प्रत्येक वाटी न विचारता जेवल्या, ते समाधान मला आजही आठवते. ठिकाण सुमारे 800 मीटर उंचीवर असल्याने जानेवारीत कडाक्याची थंडी असते आणि लाकडी ओसऱ्यांवरून अनवाणी चालवत नाही. लोकरीचे मोजे अवश्य न्यावेत.

प्रतिसाद २ :
शिराकावा-गोबद्दल थोडे. तिथली गवताने शाकारलेली उतरती छपरे नमस्कारासाठी जोडलेल्या हातांसारखी दिसतात, म्हणून त्या बांधणीला ‘गाश्शो’ म्हणतात. उतार इतका तीव्र ठेवण्याचे कारण तिथला जड बर्फ. हे गाव 1995 पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्या घरांत मुक्काम करता येतो, पण स्नानगृह आणि शौचालय सहसा सामाईक असते, म्हणून वडीलधाऱ्यांसाठी ताकायामा या शहरात राहून सुमारे 50 मिनिटांच्या बसप्रवासाने जाऊन येणे मला अधिक योग्य वाटते. हिमवृष्टीमुळे रस्ता बंद पडू शकतो. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी हा बेत ठेवू नये.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. वडिलांचे गुडघे दुखतात. जमिनीवर बसून जेवणे आणि फुतोनवर, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या गादीवर, झोपणे त्यांना झेपेल का?

प्रतिसाद २ :
अनेक रियोकानांत आता खाटा असलेल्या खोल्या आणि खुर्ची-मेजावरील जेवणाची सोय असते, मात्र ती आरक्षणातच मागावी लागते. शक्य असल्यास कुटुंबापुरते राखून ठेवता येणारे उष्ण झऱ्याचे स्नानही मागून घ्या, म्हणजे वडिलांना निसरड्या फरशीवर हात धरून उतरवता येईल. पाण्यात उतरण्यापूर्वी अंग स्वच्छ धुवायचे आणि टॉवेल पाण्यात बुडू द्यायचा नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.