‘ऊसतोड कामगाराचा मुलगा झाला फौजदार’: ही ओळख पोराला हवी असते का?

माळरान:
एमपीएससीचा निकाल लागला की पेपरात हा ठरलेला मथळा येतो. माझ्या मते तो बंद व्हावा. दिवाळीच्या सुमारास आई-बाप कारखान्यावर जातात, ते मार्च-एप्रिलपर्यंत. पोरगं आजीपाशी तरी राहतं, नाहीतर त्यांच्याबरोबर कोपीत, म्हणजे तोडीच्या मजुरांच्या झोपडीत. कोपीत गेलं की गावची शाळा सुटते आणि कारखान्याच्या गावात त्याला कोणी आपलं म्हणत नाही. आपण कोण, हे मनात ठरायचं वय नेमकं हेच. मग पुण्यात राहून रात्रंदिवस अभ्यास करावा, पास व्हावं, आणि फोटोखाली पुन्हा बापाची गरिबीच छापून यावी? डॉक्टरच्या पोराच्या फोटोखाली बापाचा धंदा लिहितात का?

धारूरकर:
अजिबात पटलं नाही. मी सातवीपर्यंत उसाच्या फडात वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधलंय. उचल, म्हणजे तोडीआधी घेतलेले पैसे, फिटली नाही म्हणून मजूर नेणारा मुकादम दारात येऊन बसलेला पाहिलाय. माझ्या बापानं असंच एक कात्रण घरात भिंतीला चिकटवलं होतं. त्याला वाचता येत नव्हतं, मला वाचायला लावायचा. आपल्यातला पोरगा साहेब होतो हे मला त्या कात्रणानं सांगितलं, शाळेनं नाही. नवरा-बायको मिळून एकच ‘कोयता’ मोजून जे मजुरीचा हिशेब करतात, लाज त्यांना वाटू द्या.

माळरान:
तुम्हाला बळ मिळालं, मान्य. पण जे पास झाले नाहीत त्यांचं काय? कोयत्यातून सुटला तोच मोठा, असं हा मथळा त्यांना दरवर्षी सांगतो.

तांड्यावरची:
तुम्ही दोघंही सगळ्यांना एकाच मोळीत बांधताय. आम्ही बंजारा. घरी आमची गोरमाटी बोली, शाळेत मराठी. पहिलीत बाईंचं बोलणं कळायचं नाही म्हणून मी ‘ढ’ ठरले. गरिबी वर्गात निम्म्यांच्या घरी होती, पण बोलण्याला हसायचे ते फक्त आम्हा तांड्यावरच्यांच्या. वसतिगृहात असताना मी आईशी फोनवर मराठीत बोलायला लागले, कोणी ऐकू नये म्हणून. आई गप्प व्हायची. तीजेच्या सणाला मात्र तांड्यावर गाणी म्हणायला मीच पुढं असायचे, तिथं मला कोणाची भीती नव्हती. आणि मथळ्यात बहुतेक वेळा मुलगाच का? आमच्याकडं मुलगी चौदा-पंधराची झाली की तिला एकटी मागं कशी ठेवायची या भीतीनं लग्न लावतात, मग तीही जोडीनं तोडीला जाते. तिच्याबद्दल कोण छापणार?

धारूरकर:
ताई, तुमचं म्हणणं खरं आहे. तरी मथळ्याबद्दल मी ठाम आहे. २०२१ मध्ये सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. तिथं प्रवेश मागताना हीच ओळख सांगावी लागते. सगळेच लपवायला लागले तर हक्क मागणार कोण?

माळरान:
हक्कासाठी दाखला जरूर द्यावा. तो फायलीत राहतो. पेपरात मात्र आधी पोराचं नाव येऊ द्या, मग त्यानं काय केलं ते. कुणाचं पोर हे त्याला स्वतःला सांगावंसं वाटलं, तरच छापा.