मदत हवी आहे: भाडेकरू भाडंही देत नाही, घरही सोडत नाही

सातारी_पाऊल
नमस्कार मंडळी. फार अडकलोय, जरा लवकर सांगा. माझ्या फ्लॅटमधल्या भाडेकरूने तीन महिने भाडं दिलेलं नाही. फोन उचलत नाही. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. परवा आई स्वतः गेली होती. आतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, बाल्कनीत शाळेचा गणवेश वाळत होता. वीस मिनिटं बेल वाजवूनही दार उघडलं नाही. शेवटी ती जिन्यात बसली आणि तिथूनच मला फोन केला. डिपॉझिट ७५ हजार, तेही या महिन्यात संपतंय. याला बाहेर कसं काढायचं? पोलिसांत जाऊ की वकील करू? याच भाड्याच्या भरवशावर हिंजवडीत दुसरा फ्लॅट घ्यायचं ठरवलंय, महिनाअखेर टोकन द्यायचंय.

मेघना_प
शहर कोणतं? भाडं किती? करार रजिस्टर आहे की नुसता नोटरी? मुदत कधी संपते?

सातारी_पाऊल
वाकड. २४ हजार. करार आहे ना, एजंटनेच करून दिला, दोघांचे अंगठे घेऊन. उपाय सांगा हो, बाकीचं नंतर बोलू.

खडकवासला
मीटर तुमच्याच नावावर असणार. लाईट बंद करा, पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवा. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाने असंच केलं, तिसऱ्या दिवशी टेम्पो आला. कोर्टाच्या नादी लागलात तर म्हातारे व्हाल.

मेघना_प
@सातारी_पाऊल, कृपया हे अजिबात करू नका. माझ्या दिरांनी रागाच्या भरात कुलूप बदललं होतं. भाडेकरूने दुसऱ्याच दिवशी पोलिसांत तक्रार दिली की कपाटातले दागिने गेले. भाडं राहिलं बाजूला, दीर वर्षभर चौकीच्या पायऱ्या झिजवत होते. आत एक लहान मूल आहे हे तुम्हीच लिहिलंय. त्याच्या घरातलं पाणी तोडायचं?

खडकवासला
मूल आहे म्हणून फुकट राहू द्यायचं का? मालकाच्या बाजूने कुणी बोलतच नाही. आणि अकरा महिन्यांचे करार लागोपाठ करत राहिलात तर एक दिवस तो मालक होतो, हेही सांगा त्यांना.

बारव
नाही होत. हा गैरसमज घरोघरी आहे म्हणून नीट लिहितो. बारा वर्षांच्या ताब्याने मालकी मिळते ती मालकाच्या हक्काला उघड विरोध करून ठेवलेल्या ताब्याबद्दल. लायसन्सवर, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाडेकरारावर, राहणारा तुमच्या परवानगीने राहतो, त्याला ती वाट नाही. अकरा महिन्यांची पद्धत पडली ती १९०८च्या नोंदणी कायद्यामुळे, वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नव्हती म्हणून. महाराष्ट्रात ती पळवाट आता नाही. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स एक महिन्याचं असो की पाच वर्षांचं, लेखी आणि नोंदवलेलंच हवं. ती जबाबदारी मालकाची. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं काम तुमचं.
म्हणून मेघनाताई मुदत विचारतायत. संपली आहे का?

सातारी_पाऊल
मुदत मागच्या ऑक्टोबरात संपली. पण तो तेव्हा व्यवस्थित पैसे देत होता. फोनवर ठरलं की दीड हजार वाढवून राहा, तो म्हणाला ठीक. आधी २२,५०० होते. पुन्हा करार करायचा तर एजंट परत पैसे मागत होता, म्हणून राहिलं. त्याने काय फरक पडतो?

बारव
खूप पडतो. नोंदणीचा खर्च किती होता बघा. २४ हजार गुणिले ११ म्हणजे २,६४,०००. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, ते अकरा महिन्यांचे ६,८७५. बेरजेवर पाव टक्का मुद्रांक म्हणजे सातशेच्या आत, आणि शहरी भागात नोंदणी फी हजार. घरबसल्या आधार आणि अंगठ्यावर होतं, एजंटची फी काय ती वेगळी.
तरी सगळं गेलेलं नाही. अंगठे घेतलेत म्हणजे जुना करार नोंदवलेला आहे, ही तुमची मोठी जमेची बाजू. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये मुदत संपल्यावर ताबा मागायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो, दिवाणी दावा लावायला लागत नाही. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत भाडेकरूने शपथपत्र देऊन लढायची परवानगी मागायची असते. मुदतीनंतर घर अडवून ठेवल्याबद्दल ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. पण ऑक्टोबरनंतर तुम्ही वाढीव पैसे घेतलेत. तोंडी नवा करार झाला असं तो म्हणणार. आता फोनवर काही ठरवू नका. आधी वकिलामार्फत नोटीस.

सोसायटी_सचिव
मी एका सोसायटीचा सचिव आहे म्हणून सांगतो. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते तुमच्याकडून किती घेते? १ ऑगस्ट २००१च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि सेवा शुल्कात पालिकेचे कर धरायचे नाहीत. आई-वडील, मुलं अशी जवळची माणसं राहत असतील तर शून्य. पावत्या तपासा.

सातारी_पाऊल
सोसायटीचा प्रश्नच नाहीये हो. बारव, नोटीस मी स्वतः बंगळुरूहून पाठवली तर चालेल का? मला इथून निघणं कठीण आहे. आई साताऱ्याला असते.

मेघना_प
एक मिनिट. फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?

सातारी_पाऊल
आईच्या. बाबांनी तिच्याच नावाने घेतला होता. हप्ते मी फेडले, म्हणून मी माझाच म्हणतो.

मेघना_प
आणि करारावर सही-अंगठा?

सातारी_पाऊल
आईचाच.

बारव
मग नोटीस आईच्या वतीने जायला हवी आणि अर्जही त्यांचाच. दर तारखेला साताऱ्याहून यायला नको म्हणून त्या तुम्हाला कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) देऊ शकतात. हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर दोन दिवस वाचले असते.
माझी स्वतःची केस सांगतो. औंधचा फ्लॅट, करार नोंदवलेला, मुदत संपलेली. अर्ज टाकल्यापासून चावी हातात यायला आठ महिने लागले. त्यातले तीन समन्स पोचवण्यात गेले, कारण तो दारच उघडत नव्हता. तुमचाही उघडत नाही, तेव्हा दाराचा आणि त्यावरच्या नावाच्या पाटीचा फोटो आजच काढून ठेवा.

खडकवासला
आठ महिने! मी हेच म्हणत होतो.

मेघना_प
आठ महिन्यांनी घर मिळालं, खडकवासला. आणि अंगावर गुन्हा नाही.

भातुकली
मला हिंजवडीबद्दल लिहायचंय. टोकन देऊ नका. ८० लाखांचा फ्लॅट, भाडं २४ हजार, म्हणजे वर्षाला २,८८,०००, साडेतीन टक्क्यांच्या किंचित वर. मेंटेनन्स महिना तीन हजार, एक महिना रिकामा, रंगकाम, मालमत्ता कर काढलात की हातात जेमतेम पावणेतीन टक्के. ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता ५२ हजारांचा. भाडं वेळेवर आलं तरी २८ हजार दरमहा खिशातून, आणि आलंच नाही तर काय होतं ते तुम्ही आत्ता भोगताय.

आंबेमोहर
असा हिशोब करत बसलं तर कुणी घरच घेणार नाही. आम्ही २००६ साली पिंपळे सौदागरला घेतलं तेव्हा घरचे म्हणाले रानात कशाला जाताय. आज त्याच घराच्या भाड्यावर माझं म्हातारपण चाललंय. जमीन वाढतेच.

भातुकली
आजी, तुमच्या घरावर आज कर्ज नाही. यांचं अजून सुरू व्हायचंय. आणि काय वाढायचं ते जमिनीचं वाढतं, बांधकाम जुनंच होत जातं.

कसबा_पेठ
पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मालमत्ता करात ४० टक्के सवलत मिळते, भाड्याने दिलं की जाते. तेही धरा.

बारव
ते पुणे महापालिकेचं. वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये येतं.

सातारी_पाऊल
सगळ्यांचे आभार. टोकन देत नाही असं बिल्डरला आज कळवलं. आईशी बोललो. ती म्हणाली, त्या मुलाची वार्षिक परीक्षा असेल तर तेवढी होऊ दे, पण कागद करून घे. मंगळवारी ती साताऱ्याहून येतेय, मी रात्रीच्या बसने पोचतो. वकिलांची वेळ अकराची मिळाली आहे. मूळ करार एजंटकडेच राहिलाय आणि तो फोन घेत नाहीये. आता?

बारव
एजंटची गरज नाही. नोंदवलेल्या कराराची प्रत आणि इंडेक्स टू (नोंदणीचा गोषवारा) नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्त क्रमांकाने मिळेल. दस्त क्रमांक आईंच्या फोनवर त्या वेळी आलेल्या मेसेजमध्ये असेल, शोधायला सांगा. ऑक्टोबरपासूनचं बँक स्टेटमेंटही घ्या. आणि परीक्षेपर्यंतची मुदत द्यायचीच असेल तर नोटिशीत तारखेसकट लिहा, तोंडी नको.

सातारी_पाऊल
सापडला मेसेज. आईने जपून ठेवला होता.